एका प्रयोगापुरतं छप्पर

खिळोबाशी बोलायचं तर आधी त्याच्या ओठांकडे बघावं लागे. ओठांत खिळे धरलेले असले तर भिण्याचं कारण नव्हतं. तो तुम्हाला गाढव म्हणो, आंधळे म्हणो, तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करो, ते सगळं खिळ्यांच्या फटीतून येई आणि त्याला विष नसे. पण त्याने तळहात हनुवटीखाली धरला आणि एकेक खिळा त्यात थुंकला, की समजावं, आता खरं येणार. आमच्या नाटक कंपनीचे मालक पोलिसांनाही दाद देत नसत. पण तो तळहात वर येताना दिसला की त्यांना एकदम आत राहिलेला चष्मा आठवे.

तो आमचा नेपथ्याचा सुतार. मी रंगमंचावर राण्या झाले, सावत्र आया झाले, टाकलेल्या बायका झाले, आणि त्या साऱ्याजणींच्या डोक्यावरचं छप्पर याने उभं केलं. प्रेक्षकांना तो कधी दिसला नाही. प्रयोग संपल्यावर आम्ही सगळे हातात हात घालून वाकायचो तेव्हा मी त्याला विंगेतून ओढायला बघे. तो खांबाला घट्ट धरून म्हणे, "सोडा, बाई. माझं थोबाड बघायला कुणी तिकीट काढलेलं नाही."

त्याची कामाची एक पद्धत होती आणि ती मी नीट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या पद्धतीतूनच झालं. पहिल्या अंकाचा पडदा पडला की दुसऱ्या अंकाचं घर उभं करायचं. लोक बाहेर जाऊन, चहा पिऊन, परत खुर्चीत येईपर्यंत. मालकांना घाई फार. ते मनात येईल तेव्हा घंटा देत. म्हणून खिळोबा नेहमी समोरच्या बाजूने सुरुवात करी. पडदा अवेळी वर गेला तरी लोकांना घर दिसलं पाहिजे! दर्शनी भिंत, दार, खिडकी, छपराची पुढची कड, हे पक्कं आणि देखणं. मागे दोऱ्या, टेकू आणि वाळूच्या पिशव्या. खुर्चीतून बघणाऱ्याला महाल, विंगेतून बघणाऱ्याला लाकडाची वखार.

एकदा माझ्या झग्याचा घोळ एका टेकूत अडकला. मी रागाने निघून जायचं होतं, तशी मी निघाले, आणि माझ्यामागे अख्खा राजवाडा डुलायला लागला. खिळोबाने मागून खांदा लावला आणि प्रवेश संपेपर्यंत तो राजवाडा पाठीवर घेऊन उभा राहिला. मी आत आले तेव्हा त्याने खिळे हातात थुंकले. म्हणाला, "बाई, तुम्ही राणी आहात. नांगर नाही."

यापेक्षा चांगली समीक्षा माझ्या अभिनयाची कुणी केलेली नाही.

कंपनी बंद पडली. नट लोक पांगले, कुणी दुकानात बसलं, कुणी मुलांकडे गेलं. खिळोबा घरांची छपरं करू लागला. बंदराच्या मागे एक अरुंद गल्ली आहे, पत्र्याच्या बैठ्या घरांची. तिथेच त्याचं घर आणि शेजारी त्याच्या थोरल्या बहिणीचं. तिला सगळे अक्का म्हणतात. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच त्याला वाढवलं, आणि त्याचं तोंड ज्या खाणीतून निघालं ती खाणही तीच. गल्लीतलं प्रत्येक छप्पर खिळोबाच्या हाताखालून गेलेलं. कुणी कुरकुर केली की तो विचारी, "हललं का? हललं तर बोला!" आणि खरोखर कधी काही हललं नव्हतं. माणसाला अभिमान वाटायला काहीतरी लागतं. त्याला एवढं एकच होतं.

मग वादळ आलं.

आमच्या नाटकातली वादळं खिळोबाच करायचा. विंगेत एक मोठा पत्रा टांगलेला असे, तो हलवायचा की गडगडाट. या वेळी पत्रे दुसऱ्याच कुणीतरी हलवले. गल्लीतले पुढचे पत्रे मागे गेले, मागचे खाडीत गेले. अक्काच्या मागच्या खोलीची भिंत कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत तडकली. वारा पडला, तशी माणसं बाहेर येऊन आपापल्या घरांच्या आत आभाळ बघत उभी राहिली.

सकाळी खिळोबा माझ्या दारात. "बाई, गोदामाची किल्ली."

आमच्या थिएटरच्या गोदामात कंपनीचा सगळा जुना संसार पडून आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडे असते. मी दिली. त्याने दोऱ्या काढल्या, फळ्या काढल्या, गुंडाळून ठेवलेले रंगवलेले पडदे काढले. ते मेणकापडासारखे जाड, त्यामुळे पाणी थोडंफार अडवतात. आणि तो गल्लीत घुसला.

मी तिथे होते. तरुणपणीसुद्धा मी त्याला इतक्या वेगाने काम करताना पाहिलं नव्हतं. "चला, चला, पडदा वर जाईल!" तो ओरडत होता. गल्लीच्या तोंडाशी राहणारा इस्त्रीवाला शिडी धरून उभा होता. त्याने विचारलं, "कुठला पडदा, काका?"

"कुठला का असेना! आधी पुढची ओळ!"

जे पत्रे सापडले ते त्याने प्रत्येक घराच्या पुढच्या अंगाला ठोकले. कडा सरळ, रांग सरळ. पत्रे संपले तिथे मागच्या बाजूला फळकुटं, दोरी आणि रंगवलेलं कापड. कुणाच्या स्वयंपाकघरावर बाग आली, कुणाच्या न्हाणीवर दरबार. अक्काच्या मागच्या खोलीवर आभाळ आलं. निळंशार, कापसासारखे ढग असलेलं. त्याच आभाळाखाली मी एकेकाळी चार वेगवेगळ्या नायकांसाठी रडले होते. नवे पत्रे मिळाले की मागची बाजू करू, असं ठरलं. पण साऱ्या गावात औषधालाही पत्रा उरला नव्हता.

गल्ली खूश होती. इस्त्रीवाल्याने त्याला मिठी मारली, खिळे तोंडात असतानाच. ओठ फुटायचा बाकी होता.

आणि नुकसानीच्या पाहणीची सरकारी गाडी आली.

रस्त्यावर चिखल होता, म्हणून साहेब गाडीतून उतरले नाहीत. खिडकीची काच खाली झाली, फोटो निघाले, काच वर झाली. आठवड्याभरात कळलं की पलीकडच्या वस्तीला छपरांची मदत मंजूर झाली आणि या गल्लीपुढे 'किरकोळ नुकसान' असा शेरा पडला. किरकोळ म्हणजे काहीच नाही.

तोपर्यंत गावात दुसरं वादळ सुरू झालं होतं. सत्तेतले लोक म्हणत, मदत घरोघर पोचली. विरोधातले म्हणत, मदत मधल्यामध्ये खाल्ली. वर्तमानपत्रात भांडण, चौकात भांडण, न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेला माणूस उठून भांडायचा. ताडपत्री मात्र दोन्ही बाजूंनी कुणी आणली नाही. आमच्याकडे एक पुढारी आहे, गेली कित्येक वर्षं निवडून यायच्या बेतात आहे, म्हणून त्याला सगळे 'भावी' म्हणतात. या भावीने गल्लीत येऊन भाषण ठोकलं. "नुकसान लोकांच्या डोळ्यांआड करायला सरकारने माणूस पेरला! पाहणीच्या आधी रंगरंगोटी कुणी केली? का केली? कुणाच्या सांगण्यावरून केली?"

एवढं पुरे झालं. ज्या हातांनी मिठी मारली होती त्या हातांनी इस्त्रीवाल्याने खिळोबाचे कपडे बोळा करून, इस्त्री न करताच परत पाठवले. नळावर तो आला की बायका बादल्या उचलून बाजूला होत. त्याच्या दारावर कुणीतरी कोळशाने लिहिलं, 'सरकारी सुतार'. त्याने ते पुसलं नाही. माझ्यासमोर उभा राहून नीट वाचलं आणि म्हणाला, "ओळ तरी सरळ काढायची, गाढवांनो." खिळे तोंडात होते. मला बरं वाटलं.

मग पाऊस पडला आणि अक्काचं आभाळ गळायला लागलं. रंग जुना, कच्चा. सकाळी अक्का उठली ती निळी होऊन. उशी निळी, गाल निळा, पांढऱ्या केसांत एक निळी बट. मी तिला कोरडे कपडे द्यायला गेले होते, तेव्हा दोघांची जुंपली.

"काढ ते पुढचे पत्रे," अक्का म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढ. येऊ दे परत तो गाडीवाला, बघू दे उघडं."

"लावलेलं मी काढत नाही."

"का? सोन्याचे आहेत?"

"प्रयोग संपल्याशिवाय सेट उतरवत नाहीत."

"कुणाचा प्रयोग चाललाय इथे, मेल्या? माझ्या पाठीखाली पाणी आलंय!"

"तुझी पाठ मजबूत आहे. माझं काम पण."

"मग घाल ते काम डोक्यावर आणि नाच! मला ना घर, ना दार. या भिंतीचा भरवसा नाही. जाते मी लेकीच्या सासरी, पडते त्यांच्या ओसरीवर भिकाऱ्यासारखी. तू बस तुझ्या सरळ रेषा बघत. आणि मला तोंड दाखवू नकोस."

अक्का उगाच बोलत नव्हती. ओरड फार झाली म्हणून साहेबांनी जाहीर सुनावणी ठेवली होती. तिथे जे ठरेल ते शेवटचं. गल्लीचा शेरा बदलला तर छप्पर आणि भिंत, नाहीतर अक्काला ते घर सोडावं लागणार. या वयात, जावयाच्या दारात.

सुनावणी आमच्याच थिएटरात झाली, कारण धड छप्पर असलेली मोठी जागा तेवढीच उरली होती. ते छप्परही खिळोबाचंच. इतकी गर्दी आमच्या चांगल्या दिवसांतही कधी झाली नव्हती. पण नाटकाच्या गर्दीला एक मऊपणा असतो. ही गर्दी दात दाखवत बसली होती. साहेब रंगमंचावर टेबल मांडून बसले. नेमके प्रकाशाच्या बाहेर, आणि आवाज पहिल्या रांगेत येऊन मरत होता. मी बाजूच्या खुर्चीवर होते, जिथून विंग दिसते. आणि विंगेत, त्याच्या जुन्या खांबाला टेकून, खिळोबा उभा होता. मागच्या दाराने आला असणार. दुसऱ्या दाराने तो या इमारतीत कधी शिरलेलाच नव्हता.

साहेबांनी पडद्यावर गल्लीचा फोटो दाखवला. काय सुंदर दिसत होती गल्ली! "यातलं कुठलं छप्पर पडलेलं आहे, ते मला कुणीही येऊन दाखवावं," साहेब म्हणाले.

"मागे जाऊन बघा ना!" कुणीतरी ओरडलं.

"खोटा फोटो!"

"खाली बसा!"

"तुम्ही उठा!"

भावी मधल्या वाटेत उभा राहून दोन्ही हात पसरून बोलत होता. काय ते त्याचं त्यालाही ऐकू येत नसावं. इतक्यात अक्का उठली. तिने उशीचा अभ्रा दोन्ही हातांत उंच धरला आणि लोक आपोआप गप्प झाले. मी इतकी वर्षं रंगमंचावर घालवली, मला असा प्रवेश कधी जमला नाही.

"साहेब, हे बघा आभाळ."

"हे काय आहे, आजी?"

"आभाळ म्हणाले ना. रोज माझ्या तोंडावर गळतं. ढगांसकट." लोक हसले, ते हसणं चांगलं नव्हतं. "आणि ते वर कुणी बांधलंय? माझ्या पाठच्या भावाने. विचारा त्याला, तुमच्याकडून काय मिळालं म्हणून बहिणीला उघडं पाडलं ते!"

"कुठे आहे तो?" भावी गरजला. "बाहेर ये! लपतोस कुठे?"

खिळोबाने माझ्याकडे बघितलं. मी काहीही खूण केली नाही. कशाची करणार? तो विंगेतून निघाला आणि थेट प्रकाशात येऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा. लोकांनी हुर्यो उडवली. "आला, आला, सरकारी सुतार आला!"

साहेब मात्र बेरकी. त्यांनी उठून त्याचा हात हातात घेतला. "तुम्हीच का ते? वा! बघा, लोकहो, याला म्हणतात स्वाभिमान. सरकारच्या तोंडाकडे न बघता या माणसाने अख्खी गल्ली उभी केली. यांना विचारा, नुकसान आहे की नाही." आणि मग हसत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सांगा तुम्हीच सगळ्यांना. काम पक्कं आहे ना? हललं का कुठे?"

हललं का! त्याचेच शब्द. हललं नाही म्हणाला तर त्याची इभ्रत राहते आणि गल्ली मरते. हललं म्हणाला तर साऱ्या गावासमोर तो दिखाऊ काम करणारा भोंदू ठरतो. तो खाली अक्काकडे बघत होता आणि अक्का मुद्दाम अभ्र्याची घडी घालत होती.

त्याचा तळहात वर आला. हनुवटीखाली थांबला. तोंडात खिळे नव्हते, तरी त्याने ओठ हलवले. पुढच्या रांगेतले, गल्लीतले दोघे-तिघे नकळत मागे सरकले.

"पक्कं आहे," तो म्हणाला.

सगळं थिएटर फुसफुसलं. साहेबांनी कागद गोळा करायला घेतले.

"एका प्रयोगापुरतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यासारख्याने समोर बसून बघावं आणि उठून घरी जावं, तेवढ्यापुरतं. पुढची ओळ ठोकलेली आहे. मागे दोरी, फळकुटं आणि रंगवलेलं कापड. मी जन्मभर तेच केलं, साहेब. समोरून घर उभं करायचं. याही वेळी हात त्याच वळणावर गेले. तुम्ही गाडीतून खाली उतरला असता, मागे आला असता, तर तुम्हाला दिसलं असतं."

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"माझं काम हलतं, असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही." इथे त्याचा आवाज चिरला. तरीही मागच्या रांगेपर्यंत पोचला. हे कुणी शिकवून येत नाही. "आज सांगतो. हलतं. अक्काच्या खोलीला बोट लावा, हलतं."

नाटक असतं तर इथे टाळ्या पडल्या असत्या. मी हात वर घेतलेसुद्धा. पण ज्याने स्वतः शिडी धरली होती तो इस्त्रीवालाच खुर्चीवर चढून किंचाळला, "म्हणजे माझी पोरं इतके दिवस देखाव्याखाली झोपली होती?"

मग काय विचारता! साहेबांवरचा राग, सरकारवरचा राग, वाऱ्यावरचा राग, सगळा समोर प्रकाशात उभ्या असलेल्या त्या एका म्हाताऱ्यावर पडला. "पडलं असतं म्हणजे?" "मेलो असतो आम्ही!" "आत टाका याला!" भावी आनंदाने ओरडत होता, "कबुली! कबुली दिली!" कुणाचातरी बूट उडत येऊन खिळोबाच्या पायाशी पडला. त्याने तो उचलला, उलटा करून टाच बघितली आणि म्हणाला, "खिळा निघालाय याचा. कुणाचा आहे? आणून द्या, ठोकून देतो."

बुटाचा धनी काही पुढे आला नाही.

साहेब म्हणाले, निकृष्ट कामाबद्दल तुमची चौकशी होऊ शकते. खिळोबा म्हणाला, "करा. फक्त मागच्या दाराने या." पत्रकार पहिल्या रांगेत बसले होते आणि भराभर लिहीत होते, तेव्हा साहेबांना दुसरी वाट उरली नाही. गल्लीची पाहणी पुन्हा होईल, मागच्या बाजूने होईल, असं त्यांना तिथल्या तिथे जाहीर करावं लागलं. त्याचं कुणी खिळोबाला श्रेय दिलं नाही. भावीने दिलं, स्वतःला.

शेरा बदलला. गल्लीला पत्रे मिळाले, अक्काला भिंत मिळाली. अक्का कुठेही गेली नाही. बाहेरगावच्या ठेकेदाराची माणसं येऊन छपरं ठोकून गेली. गावातली भांडणं चालूच राहिली. एका वर्तमानपत्राने खिळोबाला लबाड म्हटलं, दुसऱ्याने पहिल्यावर चिडून हुतात्मा म्हटलं, आणि दोन्ही वर्तमानपत्रं त्याने खिळे गुंडाळायला वापरली. पण काम मात्र त्याला कुणी देईना. आता त्याला 'देखावा' म्हणत. "काय देखावा, बरं आहे ना?" असं पोरंसोरं विचारायची. बोलावणं येत नाही म्हटल्यावर तो दारात स्टूल टाकून बसे आणि समोरच्या नव्या छपरांकडे बघत राही, जसा एखादा नट दुसऱ्याला आपली भूमिका करताना बघतो. अक्का त्याच्याशी बोलत नव्हती. भिंत शेजारची, पण कपडे वाळत घालतानासुद्धा ती त्याच्याकडे पाठ करी.

परवा दुपारी मी अक्काकडे गेले, तर गल्लीत आरडाओरडा. अक्का मागच्या बोळात कमरेवर हात ठेवून वर तोंड करून उभी. वर, तिच्या नव्या छपरावर, खिळोबा. शिडी मागच्या भिंतीला लावलेली. त्या बोळात कचऱ्याचे डबे आणि एक आजारी मांजर, एवढाच प्रेक्षकवर्ग होता.

"उतर खाली! माझ्या छपराला हात लावायचा नाही! सरकारने चांगलं करून दिलंय!"

वरून ठोकल्याचा आवाज.

"आता मागून सुरुवात करतोय, बघा बाई, शहाणा! जन्मात पहिल्यांदा! अरे, तेव्हा कुठे गेलं होतं हे डोकं? पडशील, मान मोडेल, मी येणार नाही हां दवाखान्यात!"

वरून काहीतरी गुरगुरल्यासारखं आलं.

"काय म्हणाला तो?" अक्काने मला विचारलं. तिला हल्ली कमी ऐकू येतं.

"गाढव म्हणाला."

"मला?"

"तुम्हाला की ठेकेदाराच्या माणसांना, ते नीट कळलं नाही."

अक्काने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. उन्हामुळे तिला दिसेना. "खिळे आहेत का तोंडात?"

"आहेत."

"मग मरू दे," ती म्हणाली. आणि शिडीच्या खालच्या पायरीवर पाय घट्ट रोवून, दोन्ही हातांनी शिडी धरून, तिथूनच तिने त्याला पुन्हा शिव्या द्यायला सुरुवात केली.